मॅव्हिसचं कार्ड

९ जानेवारी

"कार्डवाल्या विधवांनो! दर हिवाळ्यात आपलं घर गाडीमागे ओढत या खाडीकाठी येणाऱ्या माझ्या बहिणींनो! तुमचा नवरा कुठे पडला, हे तुम्हाला कोणी विचारत नाही. तुमच्या गुडघ्यांचं काय चाललंय, हे कोणी विचारत नाही. वर्षातून एकदा ऑफिसच्या खिडकीआडून फक्त एकच प्रश्न येतो: पुन्हा लग्न केलंत का?"

गुरुवारच्या सामुदायिक जेवणात बोलायचं म्हणून एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. हेच मी राजधानीत बोलले आहे, चर्चच्या तळघरांत बोलले आहे, एकदा भर पावसात रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलले आहे. वाक्यं अजून धारदार आहेत. धार लावणारीच बोथट झाली आहे.

नियम तसा एका दमात सांगता येतो. या लष्करी तळावरच्या कॅम्पमध्ये राहायचं तर लष्कराचं कार्ड हवं. नोकरीत असलेल्यांना, निवृत्तांना ते मिळतं. नवरा गेलेल्या बाईला मिळतं, ती एकटी राहील तोवर. तिने साध्या नागरिकाशी लग्न केलं की कार्ड परत. लग्न न करता त्याच माणसाला आपल्या ट्रेलरमध्ये ठेवलं, तर मात्र तो 'पाहुणा', आणि पाहुण्याला कोणाची हरकत नाही. थोडक्यात, सरकारला आमचं पाप चालतं, लग्न चालत नाही.

उद्या स्नानघर घासायचं आहे.

११ जानेवारी

भाषण झालं. पत्र्याच्या शेडमध्ये बऱ्यापैकी गर्दी होती, पण ती पीचच्या गोड पदार्थासाठी. मी दीडशे वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धानंतरच्या विधवांवर आले. त्यांचं पेन्शन तोडायला तपासनीस गावोगाव फिरायचे, शेजाऱ्यांना विचारायचे, हिच्या घरातून सकाळी कोण बाहेर पडतं? "तो तपासनीस आजही जिवंत आहे!" मी ओरडले. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "ओडेसा, कोळंबीचा भात संपला का गं?"

मॅव्हिस एकटीच टाळ्या वाजवत होती. तिच्यासोबत राहणाऱ्या वेंडेलने तिला साथ दिली, पण त्याच्या हातात ताट होतं, म्हणून मांडीवर थाप मारून.

नंतर भांडी विसळताना मॅव्हिस म्हणाली, "छान बोललीस. पण तो तपासनीस म्हणजे कोण, ते कळलं नाही मला. इथे येणाऱ्यांची कार्डं तर तूच तपासतेस."

"मी कॅम्पची यजमान आहे. राहायला फुकट जागा मिळते, त्याबदल्यात ते काम करते."

"हो गं. मी कुठे काय म्हणाले."

परत आले तर पायरीवर संत्र्यांची पिशवी. एमेट. नौदलातून निवृत्त झालेला माणूस, पलीकडच्या ओळीत राहतो. कुठल्याशा ओळखीच्या बागेतून संत्री आणतो आणि सगळी मलाच देतो. एकट्या बाईने इतकी संत्री खायची कशी, हा विचार त्याला कसा सुचत नाही कोण जाणे.

१९ जानेवारी

मॅव्हिसबद्दल लिहून ठेवते, कारण आज ती मला असं काही बोलली की डोक्यातून जात नाही.

तिचा नवरा डेल हेलिकॉप्टरमध्ये गेला. माझा रोस्को विमानांच्या इंजिनांवर आयुष्य घालवून फुफ्फुसांनी गेला. आम्ही दोघी इथेच भेटलो, कपडे धुण्याच्या खोलीत, एकाच बंद पडलेल्या यंत्राला लाथा घालताना. त्यानंतर काही हिवाळ्यांनी ती वेंडेलला घेऊन आली. सुतार माणूस, कधी गणवेश घातला नाही. दर मुक्कामाला ती खिडकीपाशी कार्ड दाखवते आणि त्याचं नाव पाहुण्यांत लिहिते. इथलं संध्याकाळी पाचचं बिगुल वाजलं की सगळा तळ थांबतो, गाड्या थांबतात, माणसं झेंड्याकडे तोंड करून राष्ट्रगीत संपेपर्यंत दगडासारखी उभी राहतात. त्यात सर्वांत ताठ कोण उभं असतं, तर वेंडेल. टोपी छातीवर, डोळे मिटलेले. मी एकदा विचारलं, तुला कोणी शिकवलं? म्हणाला, "पाहुण्याने घरच्यांपेक्षा नीट वागावं."

तर तो दर नवीन वर्षाला तिला लग्नाचं विचारतो आणि ती दर वेळी 'पुढच्या वर्षी' म्हणते. यंदा म्हणे तिच्या तोंडून 'पुढच्या वर्षी' निघालंच नाही.

"मग काय निघालं?"

"काहीच नाही. तो हसला आणि कॉफी करायला गेला."

मी तिला तिथल्या तिथे सुनावलं. कार्ड म्हणजे प्लास्टिकचा तुकडा नव्हे, डेलचं रक्त आहे ते. ते आपल्या हाताने खिडकीतून परत करायचं? लढायचं सोडून शरण जायचं? आणि राहणार कुठे? ट्रेलर हेच तिचं घर. बाहेरच्या कॅम्पांचे हिवाळ्यातले दर तिच्या आवाक्यात नाहीत, हे तिला माहीत आहे.

ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "ओडेसा, तू बोलायला लागलीस की मला नेहमी वाटतं, मागे अजून खूप लोक बसलेत."

२ फेब्रुवारी

कडाक्याची थंडी. नळ गोठले. वेंडेल सकाळपासून प्रत्येकाच्या ट्रेलरखाली आडवा होऊन पाइपांना चिंध्या गुंडाळतो आहे. माझ्याही. "तुम्ही बाहेर येऊ नका, मिस ओडेसा, आत बसून सरकारला शिव्या द्या. तेवढीच ऊब."

संत्री.

६ फेब्रुवारी

आजच लिहून ठेवते.

पाचचं बिगुल वाजलं तेव्हा आम्ही सगळे कचऱ्याच्या पेट्यांपाशी होतो. मी, एमेट, मॅव्हिस, वेंडेल आणि नवीन आलेले दोघंतिघं. झेंड्याकडे वळलो. हात छातीवर. गीत सुरू झालं. वेंडेल माझ्या उजवीकडे होता. त्याची टोपी पडली. मग तो गुडघ्यांवर आला. मला वाटलं, टोपी उचलतोय. मग तो कुशीवर कलंडला.

मी पाहिलं. मान न वळवता दिसत होतं सगळं. एमेटनेही पाहिलं असणार, त्याचा हात सॅल्यूटमध्येच होता. आम्ही हललो नाही. गीत चालू असताना हलायचं नाही, हे आमच्यात इतकं खोल मुरलेलं आहे की पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले. हलली फक्त मॅव्हिस. ती त्याच्यापाशी बसून त्याचं नाव घेत होती, आणि तिचा आवाज गीताच्या वर येत होता, आणि मला... लिहूनच टाकते... मला क्षणभर त्याचाच राग आला, की ही मध्ये आवाज करते आहे.

शेवटचा सूर विरला आणि सगळे एकदम धावलो, कोणी हुकूम सोडावा तसे.

अँब्युलन्सवाला म्हणाला, पक्षाघाताचा झटका आहे, लवकर आणायला हवं होतं. तो आमच्याबद्दल बोलत नव्हता. त्याला काय माहीत.

७ फेब्रुवारी

गावातल्या हॉस्पिटलमध्ये मॅव्हिससोबत गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मॅव्हिस म्हणाली, "मी... आम्ही एकत्र राहतो."

"म्हणजे बायको?"

"नाही."

"मग त्यांचं जवळचं कोण?"

जवळची म्हणजे ओहायोतली मुलगी. वडिलांशी फार बोलत नाही, पण कागदावर तीच. तिला फोन गेला. ती फोनवर 'हो' म्हणाल्यावर मॅव्हिसला आत सोडलं. तोवर ती बाकावर बसून त्याची टोपी झटकत होती. त्या टोपीला माती लागलेली नव्हती.

मी काउंटरवरच्या मुलीला चार गोष्टी सुनावल्या. ती रडायला लागली, तिचा कामाचा पहिलाच आठवडा होता. परतताना मॅव्हिस म्हणाली, "तिच्यावर कशाला ओरडलीस? तिने तर नुसता प्रश्न विचारला. तुझ्या भाषणातला नाही, त्याच्या उलटा."

१५ फेब्रुवारी

वेंडेल शुद्धीवर आहे. उजवा हात साथ देत नाही, बोलताना शब्द ओठाच्या कडेने निसटतात. मुलगी त्याला ओहायोला न्यायचं म्हणते आहे. तिकडे चांगली सोय आहे म्हणे. असेलही.

मॅव्हिस आज संध्याकाळी आली ती बसलीच नाही. "आम्ही लग्न करतोय. कोर्टातून माणूस हॉस्पिटलात यायला तयार आहे."

मी म्हटलं, "घाबरून निर्णय घेऊ नकोस. वकिलाकडून त्याच्या वतीने निर्णय घ्यायचं अधिकारपत्र करून घेऊ. मी बोलते कोणाशी तरी."

"मला अधिकारपत्र नको. तो मला इतकी वर्षं विचारतोय आणि मी त्याला एका झोपण्याच्या जागेसाठी थांबवून ठेवलं. एका नळासाठी आणि विजेच्या खांबासाठी."

"जागेसाठी नाही, तत्त्वासाठी. आपण सगळ्यांनी कार्डं परत केली तर लढणार कोण? हा नियम बदलेल, मॅव्हिस. आज ना उद्या बदलेलच."

"बदलू दे. वेंडेल तोवर थांबणार नाही." मग ती दारातच वळली. तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "आणि तत्त्वाचं म्हणशील, तर एमेटकडे स्वतःचं कार्ड आहे. त्याच्याशी लग्न केलंस तर तुझं एक जाईल आणि त्याच दिवशी दुसरं मिळेल. तुझ्या वाटेत कुठला नियम आहे गं, ओडेसा? तो बिचारा संत्री वाहून वाहून वाकला."

मी टेबलावरची संत्री पिशवीत भरायला लागले.

"तू उभी होतीस," ती म्हणाली. "मी वर पाहिलं तेव्हा तू उभी होतीस." आणि गेली.

एमेटचा मुद्दा इथे गैरलागू आहे. प्रश्न व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे. मी तिला तसं नीट समजावून सांगायला हवं होतं. दुसऱ्या गोष्टीवर लिहिण्यासारखं काही नाही.

२३ फेब्रुवारी

लग्न झालं. मी गेले नाही. स्नानघरातल्या फरश्यांना बुरशी धरली होती, ती काढली.

एमेट गेला होता. परत येताना त्याने कागदी रुमालात केकचा तुकडा आणला. म्हणाला, "सही करताना वेंडेलने डाव्या हाताने पेन धरलं, तर मॅव्हिसने त्याचा उजवा हात उचलून कागदावर ठेवला. नुसता ठेवला. मग त्याने डाव्याने सही केली."

"बरं."

"तुम्ही यायला हवं होतं, मिस ओडेसा."

"फरश्या कोण घासणार होतं?"

"मी घासल्या असत्या," तो म्हणाला. काहीतरी विचारणार होता असं वाटलं. मग संत्र्यांचा मोसम संपल्याचं सांगून गेला.

केक कोरडा होता. सगळा खाल्ला.

२७ फेब्रुवारी

आज मॅव्हिस स्वतःहून ऑफिसच्या खिडकीपाशी गेली. कोणाला कळायच्या आत. कार्डाची मुदत अजून बरीच होती, गप्प राहिली असती तर कोणी विचारलंही नसतं. मी तिथे किल्ल्या द्यायला गेले होते म्हणून पाहिलं. तिने कार्ड काउंटरवर ठेवलं आणि मॅनेजर किंब्रोला सांगितलं, "मी लग्न केलंय."

किंब्रो वाईट माणूस नाही. त्याने आधी अभिनंदन केलं. मग कार्डाकडे पाहिलं, आणि एखादं मेलेलं पाखरू पडावं तसं ते काही वेळ तिथेच पडू दिलं. "मिसेस मॅव्हिस, तुम्ही हे मला आजच सांगायची गरज होती का?"

"खोटं बोलून राहिले तर वेंडेल पुन्हा पाहुणाच झाला ना. नवरा म्हणून त्याला लपवायचं? पुरे झालं."

कार्ड ती दुसऱ्या ऑफिसात रीतसर जमा करेल. इथली जागा अकरा तारखेपर्यंत रिकामी करायची. लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती जागेवर नेऊन देणं हे यजमानाचं काम. किंब्रो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हवं तर मी देतो."

मी म्हटलं, "मी देते." का म्हटलं? नियम म्हणून? की दुसऱ्या कोणाच्या हातून तिला मिळू नये म्हणून? दोन्ही लिहून पाहिलं. दोन्ही पटत नाही.

मॅव्हिस ट्रेलरच्या दाराला फळ्या ठोकत होती, वेंडेलच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार. माणूस हलवायचा आहे आणि ही उतार करते आहे. कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"तपासनीस आली," ती म्हणाली. हसून म्हणाली. म्हणूनच जास्त लागलं.

मी हातोडी घेतली आणि दुसरी फळी ठोकून दिली. वाकडी बसली.

१ मार्च

वेंडेलला घरी आणलं. घरी म्हणजे इथे, अकरा तारखेपर्यंत. एमेटने आणि मी खुर्ची उतारावरून वर ढकलली. माझ्या वाकड्या फळीवर ती अडकली, तेव्हा वेंडेल म्हणाला, "ही... फळी... कोणी ठोकली?"

"ओडेसाने," मॅव्हिस म्हणाली.

"भाषणच... करा... तुम्ही."

इतक्या दिवसांनी सगळे हसलो. मॅव्हिस चहाचं पाणी ठेवत होती. तिने विचारलं, "पुढे काय करायचं रे? तुलाही कार्ड नाही, मलाही नाही."

वेंडेलने तिच्याकडे पाहिलं. त्याचा एकच गाल हसतो आता. "आता तूही... पाहुणी. मी... शिकवतो. सोपं असतं. मान खाली... नळ दुरुस्त करायचे."

"पण पाहुणी कोणाची?" मॅव्हिस म्हणाली. "पाहुण्याला यजमान लागतो."

एमेट माझ्याकडे बघत होता. मी चहाच्या कपाकडे.

मी या कॅम्पचे नियम रोज दुसऱ्यांना वाचून दाखवते. त्यात लिहिलं आहे: कार्डधारक स्वतः इथे मुक्कामाला असेल तर त्याला शेजारच्या जागेवर एक पाहुणे-कुटुंब पंधरवड्यापुरतं ठेवता येतं. कोणतं कुटुंब, का, लग्न झालेलं की न झालेलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. आणि पुढच्या पंधरवड्याला दुसऱ्या कार्डधारकाने तेच पाहुणे ठेवू नयेत, असंही लिहिलेलं नाही.

मला हे कितीतरी आधी सुचायला हवं होतं. मी नियम बदलायच्या मागे होते. वाचायचं राहून गेलं.

४ मार्च

किंब्रोला विचारलं. त्याने पुस्तक दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "एका कार्डावर एकच पंधरवडा. त्यापुढे प्रत्येक वेळी नवीन कार्डधारकाने स्वतः येऊन नाव घालायचं. आणि सगळं अकरा तारखेच्या आत नोंदवलेलं हवं, नाहीतर जागा सुटली. मिसेस ओडेसा, तुमच्याकडे इतके लोक आहेत?"

"आहेत."

"विचारलंत त्यांना?"

"नाही अजून."

तो म्हणाला, "मी अडवणार नाही. पण वरून कोणी विचारलं तर मी तुमच्याकडे बोट दाखवीन."

"दाखवा. मला सवय आहे."

बाहेर आले. दोन जणींशी बोलून पाहिलं. एक म्हणाली, आपल्यावर बालंट येईल. दुसरी म्हणाली, तिने स्वतःच तर लग्न केलं, कोणी जबरदस्ती केली होती? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, हे माझंच वाक्य आहे, नुसतं दुसऱ्या तोंडातून.

एमेट म्हणाला, "पहिला पंधरवडा माझा लिहा."

"पहिला माझा," मी म्हटलं.

"मग दुसरा माझा. तुमच्या शेजारी." तो लगेच म्हणाला, "म्हणजे तुमच्या नावाच्या शेजारी." आणि त्याचे कान लाल झाले. थंडी असावी.

६ मार्च

उद्याच्या जेवणात बोलायचं ते. या वेळी राजधानी नको, इतिहास नको. थकलेल्या माणसाला जेवढं बोलता येतं तेवढंच.

"बायांनो, आणि तुम्हीही, एमेट, आणि मागे बसलेले बाकीचे. ताटं हातात असू देत. खात खात ऐका.

आपल्याला वर्षातून एकदा विचारतात, पुन्हा लग्न केलंत का. आपण 'नाही' म्हणतो आणि हिवाळा काढतो. मॅव्हिसला कोणी विचारलं नव्हतं. ती आपण होऊन गेली आणि 'हो' म्हणाली. त्या एका शब्दापायी सोमवारी, अकरा तारखेला, तिचं घर या खाडीकाठावरून ओढून न्यावं लागेल, आणि ते न्यायचं कुठे, हे तिला माहीत नाही. घरात एक माणूस आहे, ज्याने तुमच्या प्रत्येकाच्या ट्रेलरखाली पाठीवर झोपून तुमचे नळ वाचवले.

मी तुम्हाला नियम बदलायला सांगत नाही. मी ते पुष्कळ सांगितलं, माझा घसा बसला. नियम आहे तोच वापरायचा आहे.

तो पडला त्या संध्याकाळी आपण काही जण तिथे होतो. पाहिलं आणि उभे राहिलो. मी उभी राहिले. आपल्याला तसंच शिकवलं आहे, आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पण माणूस जमिनीवर होता आणि आपण गीत संपायची वाट पाहिली. सोमवारी तो पुन्हा रस्त्यावर पडणार आहे, या वेळी बायकोसकट. या वेळी वाट पाहू नका.

उद्या, शुक्रवारी सकाळी, ऑफिसची खिडकी उघडायच्या वेळी मी तिथे उभी असेन. मागे एमेट असेल. तुमचं कार्ड घ्या, आमच्या मागे उभ्या राहा, आणि तुमची पाळी आली की किंब्रोला एवढंच सांगा: मॅव्हिस आणि तिचा नवरा माझे पाहुणे आहेत, नाव लिहून घ्या."